जेन्टूवर मास्क काढून पॅकेजेस वापरली: नऊ महिन्यांचा अनुभव

माझं काम जिग-फिक्श्चरच्या ड्रॉइंगचं. अंबड एमआयडीसीत दादाचं छोटं वर्कशॉप आहे. तिथली आणि आसपासच्या चार-पाच युनिट्सची डिझाइन्स मी पाथर्डी फाट्याजवळच्या घरून करते. मशीन साधंच आहे, सहा कोअरचा रायझन आणि १६ जीबी रॅम, आणि त्यावर जेन्टू लिनक्स, ज्यात बहुतेक सॉफ्टवेअर मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर बांधतात, म्हणजे कंपाइल करतात. २०२४ च्या दिवाळीपर्यंत मी फक्त स्टेबल, म्हणजे तपासून झालेली, पॅकेजेस वापरायचे. त्यानंतर पहिल्यांदा मास्क असलेली, म्हणजे आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय बसत नाहीत अशी, पॅकेजेस घेतली आणि आता ऑगस्ट आलाय. सुरुवातीला जे मला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते इथे लिहितेय.

मुळात गरज पडली फ्रीकॅड या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमुळे. जुन्या फ्रीकॅडमध्ये एक दुखणं होतं, ते वापरणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल. प्लेटच्या वरच्या फेसवर (पृष्ठभागावर) डॉवेलची, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या पिनांची, दोन भोकं काढली, नंतर मागे जाऊन मूळ स्केचमध्ये एक खाच वाढवली, की फेसचे नंबर आतल्या आत बदलायचे. सहा नंबरचा फेस नऊ नंबरचा व्हायचा आणि भोकं वरच्या फेसऐवजी बाजूच्या भिंतीवर जाऊन बसायची. पार्ट मोठा असेल तर हे पटकन दिसतही नाही. एकदा अशी चूक थेट प्रिंटपर्यंत गेली होती आणि दादाच्या ऑपरेटरने मार्किंग करताना ती पकडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रीकॅड १.० आलं. त्यात या दुखण्यावर मोठा इलाज केलेला होता, शिवाय असेंब्लीचं, म्हणजे सुटे पार्ट एकत्र जोडून बघायचं, वर्कबेंच आतच होतं. मला ते हवंच होतं. पण जेन्टूच्या स्टेबल शाखेत ते नव्हतं, टेस्टिंगमध्ये येण्याची वाट बघून तिथूनच घ्यावं लागलं.

जेन्टूच्या पॅकेज मॅनेजरचं नाव पोर्टेज आणि त्याची कमांड इमर्ज. इमर्जला फ्रीकॅड मागितलं की तो नकार देतो आणि खाली कारण छापतो: ‘मास्क्ड बाय: ~एएमडी६४ कीवर्ड’. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी बिघाड आहे म्हणून अडवलंय. तसं नसतं. नागमोडी रेघ असलेला कीवर्ड म्हणजे टेस्टिंग. त्या पॅकेजची बांधणी चालते असं मेंटेनरला, म्हणजे जेन्टूत ते पॅकेज सांभाळणाऱ्याला, वाटतंय, पण ती अजून पुरेशा मशीन्सवर तपासून झालेली नाही. साधारण तीस दिवस ती तशीच राहते, गंभीर बग आला नाही तर कुणीतरी स्टेबल करायची मागणी करतं, मग तपासणी होते आणि रेघ निघते. म्हणजे प्रश्न बऱ्याचदा सॉफ्टवेअरचा नसतोच, जेन्टूने ते कसं बांधलंय याचा असतो. आणि कित्येक पॅकेजेस वर्षानुवर्षं टेस्टिंगमध्येच राहतात, कारण त्यांना स्टेबल करा असं कुणी म्हणतच नाही.

वर्कशॉपमध्ये पहिला पीस ओके झाल्याशिवाय लॉट चालू करत नाहीत. टेस्टिंग म्हणजे तो पहिला पीस टेबलावर ठेवलाय, व्हर्नियर लावायचं बाकी आहे. तो खराब आहे असं कुणीच म्हटलेलं नाही.

दुसरा मास्क मात्र वेगळा, आणि तो वेगळा आहे हे कळणं फार महत्त्वाचं. त्याला हार्ड मास्क म्हणतात. तो जेन्टूच्याच प्रोफाइलमधल्या (मूळ सेटिंग्जमधल्या) ‘पॅकेज डॉट मास्क’ फाइलमध्ये असतो आणि तिथे मास्क लावणाऱ्याचं नाव, तारीख आणि कारण लिहिलेलं असतं. रिजेक्ट मालाला लाल टॅग लावतात तसाच. सुरक्षेचा दोष सापडलाय, इतर पॅकेजेस यामुळे मोडतात, किंवा याला आता कुणी वाली नाही, अमुक तारखेला काढून टाकणार आहोत, अशी ती कारणं असतात. इमर्ज नकार देताना हे कारण स्क्रीनवर दाखवतो. ते वाचल्याशिवाय ‘पॅकेज डॉट अनमास्क’मध्ये एक ओळही लिहू नका, हे मी कळकळीने सांगते. नऊ महिन्यांत मी हार्ड मास्क फक्त एकदा काढला, तोही एका फॉन्टच्या साधनाचा, आणि दोन आठवड्यांत परत लावला.

आता टेस्टिंगचं पॅकेज घ्यायचं कसं, ते. ‘पॅकेज डॉट ॲक्सेप्ट कीवर्ड्स’ नावाची फाइल किंवा फोल्डर असतं. फोल्डर केलेलं बरं, म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळी फाइल ठेवता येते. माझ्या फ्रीकॅडच्या फाइलची पहिली ओळ अशी आहे: ‘# १४ जानेवारी. फ्रीकॅड १.० साठी. असेंब्ली हवी. स्टेबल झालं की काढणे.’ त्याखाली फ्रीकॅडची ओळ, मग ओपनकॅस्केडची आणि सोबत लागणाऱ्या दोन लायब्रऱ्यांची (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात तो सामायिक कोड). ओपनकॅस्केड म्हणजे फ्रीकॅडच्या आतलं भूमितीचं इंजिन.

पॅकेजचं नाव लिहिताना पुढे काय लावता यावर पुढचे सहा महिने ठरतात. नुसतं नाव लिहिलं तर त्या पॅकेजच्या आजच्या आणि उद्याच्या सगळ्या टेस्टिंग आवृत्त्यांना दार उघडलं. बरोबरचं चिन्ह आणि पूर्ण आवृत्ती लिहिली तर फक्त तीच आवृत्ती. नावाआधी नागमोडी रेघ आणि आवृत्ती लिहिली तर तीच आवृत्ती, पण बांधणीतल्या दुरुस्त्यांसकट, म्हणजे आर१, आर२ वगैरे आपोआप येतात. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण कीवर्डमधली नागमोडी रेघ वेगळी आणि नावाआधीची वेगळी. आज माझ्या जवळपास सगळ्या ओळी या तिसऱ्या पद्धतीच्या आहेत. दुरुस्ती हवी, उडी नको.

हे शहाणपण मार्च एंडला आलं. जानेवारीत मी ओपनकॅस्केडचं नुसतं नाव लिहून ठेवलं होतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका युनिटची ड्रिलिंग फिक्श्चर प्लेट द्यायची होती आणि मी संध्याकाळी नेहमीप्रमाणे साप्ताहिक अपडेट लावलं. ओपनकॅस्केडची नवी टेस्टिंग आवृत्ती आली होती. ती बसली आणि इमर्जने फ्रीकॅड नव्याने बांधायला घेतलं, कारण इंजिन बदललं की वरचं सगळं परत बांधावं लागतं. बाराएक मिनिटांनी बांधणी फसली. नव्या लायब्ररीत काही गोष्टी बदलल्या होत्या आणि फ्रीकॅडचा कोड त्यांच्याशी अजून जुळलेला नव्हता.

साडेनऊला दादाचा फोन. ‘ड्रॉइंग कधी देतेस गं? सकाळी आठला व्हीएमसी मशीन मोकळं होतंय.’

‘दादा, रात्री पाठवते. तू जेवून घे.’

फोन ठेवला तेव्हा माझे हात गार पडले होते. मग स्क्रीनवरचा शेवटचा संदेश नीट वाचला. पोर्टेजने जुन्या लायब्ररीच्या फाइल्स पुसल्याच नव्हत्या. जोपर्यंत एखादा प्रोग्रॅम जुन्या लायब्ररीवर टेकून आहे तोपर्यंत ती जपून ठेवायची, अशी सोय पोर्टेजमध्ये मुळातच चालू असते आणि तसा संदेश अगदी शेवटी येतो. नवीन फ्रीकॅड बांधलं गेलं नव्हतं, त्यामुळे जुनं जागेवर होतं, आणि ते ज्यावर टेकलं होतं ती लायब्ररीही जागेवर होती. फ्रीकॅड उघडलं. प्लेट उघडली. सगळी मापं एकदा ताडून पाहिली, स्टेप फाइल आणि पीडीएफ काढली आणि पाऊण वाजता पाठवली. त्या रात्री या पॅकेज मॅनेजरबद्दल मला जे वाटलं ते आदराहून कमी नाही. कुणीतरी अनेक वर्षांपूर्वी विचार केला होता की अर्ध्यात अडकलेल्या माणसाचं चालतं काम थांबू नये.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. मास्क फक्त काढताच येतो असं नाही, स्वतःही लावता येतो. माझ्या स्वतःच्या ‘पॅकेज डॉट मास्क’मध्ये ओपनकॅस्केडच्या त्या आवृत्तीला आणि तिच्या पुढच्या सगळ्यांना मास्क लावला, जुनी परत बसवली, नुसत्या नावाची ओळ खोडली. शिवाय पोर्टेजला सांगून ठेवलं की जे काही बांधशील त्याची तयार बायनरी प्रत बाजूला ठेव. आता काही मोडलं तर मागची आवृत्ती मिनिटाभरात परत येते, पुन्हा कंपाइल करावं लागत नाही. डिस्कवर थोडी जागा जाते. ती जाऊ द्या, पण हे पहिल्या दिवशीच करा.

‘ऑटोअनमास्क राइट’ हा पर्याय अनेकांना आवडतो. लागतील त्या सगळ्या ओळी इमर्ज स्वतः लिहितो आणि डिस्पॅच-कॉन्फ या सेटिंग्जमधले बदल दाखवणाऱ्या साधनात तुम्ही हो म्हणायचं. सोय चांगली आहे. पण मी तो फक्त यादी बघायला वापरते आणि ओळी हाताने लिहिते. हाताने लिहिताना प्रत्येक नाव डोळ्यांखालून जातं, आणि सातव्या-आठव्या ओळीला प्रश्न पडतो की एका प्रोग्रॅमसाठी एवढं सगळं टेस्टिंगला न्यायचंय का. दोनदा मी तिथेच थांबले.

थांबायचं कुठे, याची माझी रेघ स्पष्ट आहे. जी-लिबसी (जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर टेकतात ती मूळ लायब्ररी), कंपायलर, सुरक्षित संपर्कासाठीचे ओपनएसएसएल आणि ओपनएसएसएच, फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्रऱ्या हे सगळं स्टेबल. ज्यावर बाकी कुणी टेकलेलं नाही असं वरचं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चालेल. यामागे एक ठोस घटना आहे. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर इंजिनिअरने जाहीर केलं की एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे बाहेरच्याला चोरून आत शिरता येईल असा कोड, घुसवलेलं आहे. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्या धाग्यावरून ते तिथपर्यंत पोचले होते. जेन्टूत या दोन्ही आवृत्त्या टेस्टिंगपर्यंतच आल्या होत्या. स्टेबलवाल्यांकडे जुनी होती. टेस्टिंगवाल्यांकडेही ते दार प्रत्यक्षात उघडायचं नाही, कारण ते डेबियन किंवा आरपीएमच्या, म्हणजे इतर लिनक्सच्या पॅकेजांच्या, पद्धतीने बांधलं जातंय का हे तपासूनच कामाला लागायचं. तरी ताबडतोब मास्क लागला आणि मागची आवृत्ती घ्यायला सांगितलं गेलं. फ्रीकॅड बिघडलं तर माझी एक रात्र जाते. एक्सझेडसारखी गोष्ट बिघडली तर मशीनवरचा भरवसाच जातो.

म्हणूनच अख्खी सिस्टीम टेस्टिंगला नेऊ नका. मेक डॉट कॉन्फ या पोर्टेजच्या मुख्य सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली की ते होतं, आणि तेवढंच सोपं असल्यामुळे लोक करतात. परत येणं सोपं नाही. जी-लिबसी तर मागच्या आवृत्तीवर जायला सरळ नकार देते, कारण नव्या जी-लिबसीवर बांधलेले प्रोग्रॅम जुनीवर चालतीलच असं नाही.

लाइव्ह पॅकेजचाही अनुभव घेतला. आवृत्तीच्या जागी ९९९९ असतं आणि कीवर्डच नसतो, त्यामुळे ओळीत दोन फुल्या लिहाव्या लागतात. ते त्या क्षणाचा ताजा कोड गिटमधून, म्हणजे मूळ प्रोग्रॅमर तो जिथे ठेवतात तिथून, आणून बांधतं. तीन दिवसांत काढलं. आज बांधलेलं आणि परवा बांधलेलं एकच नसतं, आणि मला सहा महिन्यांनी तीच प्लेट उघडून तेच माप दाखवायचं असतं.

कंपाइलच्या वेळेबद्दल विचारणारे बरेच भेटतात. फ्रीकॅडला माझ्या मशीनवर अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. सुरुवातीला मी बाराही थ्रेड लावले होते, म्हणजे एकाच वेळी बारा कामं, आणि मोठ्या पॅकेजला मध्येच ‘किल्ड’ असा शब्द येऊन कंपायलर मरायचा. कोडमध्ये दोष नव्हता, रॅम संपत होती. एका कामामागे दोन जीबी हा हिशोब धरायचा, म्हणजे १६ जीबीला आठ. तेव्हापासून एकदाही मेला नाही. बाकीच्या बऱ्याच स्टेबल पॅकेजेससाठी आता कंपाइलचीही गरज नाही. डिसेंबर २०२३ पासून जेन्टू स्वतःच तयार बायनरी देतं. तुमचे यूज फ्लॅग (पॅकेजमध्ये काय हवं-नको याचे पर्याय) त्यांच्याशी जुळले की तीच उतरवता येतात, त्यामुळे माझं मशीन तापतं ते जवळजवळ फक्त टेस्टिंगच्या यादीसाठी.

मे महिन्यात वळवाच्या पावसात आमच्याकडे दिवसातून दोन-तीनदा लाइट जायची, आणि एकदा ऐन कंपाइलमध्ये गेली. काहीही बिघडलं नाही. पोर्टेज सगळं आधी तात्पुरत्या जागेत बांधतं, तिथेच मांडून बघतं आणि पूर्ण झाल्यावरच खऱ्या सिस्टीमवर आणतं. लाइट आल्यावर ‘इमर्ज रिझ्यूम’ म्हटलं, राहिलेली यादी पुढे चालू झाली. अर्धवट पॅकेज तेवढं पहिल्यापासून बांधावं लागलं.

महिन्यातून एकदा ‘ईआयएक्स टेस्ट ऑब्सोलीट’ चालवते. कुठल्या ओळींची आता गरज उरली नाही ते तो सांगतो. मे अखेर माझ्याकडे एकोणीस ओळी होत्या, आज अकरा आहेत. आठ पॅकेजेस मधल्या काळात स्टेबल झाली किंवा मला लागेनाशी झाली. तारीख आणि कारण लिहिलेलं असल्यामुळे काढताना विचार करावा लागत नाही.

ओपनकॅस्केडवरचा माझा मास्क गेल्या रविवारपर्यंत होता. फ्रीकॅडच्या बांधणीत दुरुस्ती आल्याचं सिंकनंतर (पॅकेजांची यादी ताजी केल्यावर) दिसलं, तेव्हा बायनरी प्रती जागेवर आहेत ना ते पाहिलं, मास्कची ओळ काढली आणि दोन्ही बांधायला लावली. बाहेर पावसाची झड लागलेली होती, लाइट टिकली. पाऊण तासाने मार्चमधली तीच ड्रिलिंग प्लेट उघडली, मूळ स्केचमध्ये मुद्दाम एक खाच वाढवली आणि डॉवेलची दोन्ही भोकं बघितली. वरच्याच फेसवर होती.