.३०८ की ६.५ क्रीडमूर?

कपाटात .३०-०६ काडतुसाची शिकारी रायफल आहे आणि पुढची रायफल या दोनपैकी कोणत्या काडतुसाची घ्यावी, हा प्रश्न पडलेल्यांसाठी.

.३०८ विंचेस्टर १९५२ची, क्रीडमूर २००७ची. दोन्ही शॉर्ट ॲक्शनमध्ये (काडतूस भरण्या-काढण्याच्या आखूड यंत्रणेत) बसतात.

धक्का क्रीडमूरचा स्पष्टपणे कमी, त्यामुळे नेम धरताना दचकण्याची सवय लागत नाही. तिची १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी लांबट, सडपातळ. ३०० यार्डांपुढे वाऱ्याने कमी सरकते. मात्र १:८ चा ट्विस्ट (नळीतला पीळ, आठ इंचांत एक फेरा) लागतो, तो तपासूनच नळी घ्या. २०० यार्डांच्या आत हा फायदा हरणाला कळतही नाही. तिथे .३०८ची १६५ ग्रेनची जाड गोळी मोठ्या, जड हाडाच्या जनावरावर जास्त भरवशाची.

नळीच्या आयुष्यात .३०८ सरस. क्रीडमूरचा घसा (नळीची काडतुसाकडची सुरुवात) लवकर झिजतो, विशेषतः तापलेल्या नळीतून सलग बार काढले तर.

एक धोका: दोन्ही काडतुसांचं बूड एकाच मापाचं. क्रीडमूरचं काडतूस .३०८च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) शिरू शकतं आणि उडवलं तर केस (काडतुसाचं कवच) फाटू शकते. खोकी वेगळी ठेवा, रेंजवर एका वेळी एकच उघडा.

.३०-०६ असेल तर .३०८ घेणं म्हणजे त्याच जाडीची गोळी थोड्या कमी वेगाने पुन्हा विकत घेणं, क्रीडमूर घ्या. फक्त .२४३ (या दोन्हींहून बारीक गोळीची रायफल) असेल आणि रानडुक्कर किंवा एल्क (मोठं हरीण) मारायचं असेल, तर .३०८.