पडद्यावर अक्षरं होती, म्हणजे डिस्क मेलेली नव्हती

जिल्ह्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाने आमच्या वाचनालयाला फसवलं. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. तक्रार दिलेली आहे, ती तिच्या वाटेने चालू राहील. फसवण्याची रीत मात्र लिहिलीच पाहिजे. मराठवाड्यातल्या शाळा, पतसंस्था, वाचनालयं जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून काम भागवतात. मशीन सुरू होईना झालं की त्यांनाही हीच वाक्यं ऐकायला मिळू शकतात.

आमचं तालुक्याच्या गावचं ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, मी तिथली ग्रंथपाल. पुस्तकांची देवघेव कोहा या सॉफ्टवेअरवर चालते. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झालं, २००० साली वापरात आलं, त्याला पैसे पडत नाहीत आणि ते लिनक्सवर चालतं. परिरक्षण अनुदानात भागवणाऱ्या संस्थेला याहून काय हवं? उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घातलेला एक डेस्कटॉप, त्यात ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क. दाखल नोंदवहीतलं प्रत्येक पुस्तक, सभासदांची खाती, कोणाकडे काय गेलंय, सगळं त्या एका डिस्कवर. नोंदी चढवायला अभ्यासिकेतल्या पोरींनी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घातल्या होत्या.

पावसाळ्यात गावातली डीपी जळाली. नवी बसेपर्यंत लाइट येत-जात राहिली आणि यूपीएसने मान टाकली. देवघेव चालू असतानाच मशीन धाडकन बंद पडलं. लाइट आल्यावर चालू केलं, तर नेहमीचा जांभळा पडदा न येता काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. बिझीबॉक्स या लिनक्सच्या छोट्या साधनसंचाचं नाव, त्याच्या आसपास एक ओळ, की रूट फाइलसिस्टिमला (डिस्कवरच्या मुख्य फाइलींच्या मांडणीला) हाताने एफएससीके (ती मांडणी तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवावं लागेल, पार्टिशन (डिस्कचा भाग) एसडीए-२. शेवटी कंसात ‘इनिटरामएफएस’ आणि लुकलुकणारा कर्सर. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. आमच्या सचिवांनी त्याच दिवशी मशीन आपल्या गाडीत घालून जिल्ह्याच्या गावी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून फोन आला. ‘मॅडम, हार्डडिस्क कामातून गेली. पूर्ण डेड. काहीच राहिलं नाही त्याच्यात.’ मी पडद्यावरच्या ओळींचं विचारलं. ‘ते लिनक्समुळे. लिनक्सचा डिस्कवर लोड येतो, म्हणून जळती ती. विंडोज टाकून देतो, परत झंझट नको.’ डेटाचं विचारलं तर म्हणाला, ‘प्रयत्न करतो, पण त्याचे वेगळे पडतील.’

मशीन परत आलं तेव्हा त्यात विंडोज होतं, कोहा नव्हतं. नवी एसएसडी ३,८०० रुपये, विंडोज टाकण्याचे ७००, आणि न निघालेला डेटा काढण्याच्या ‘मेहनती’चे ३,५००. ८,००० रुपये दुकानदाराच्या यूपीआयवर गेले आणि बदल्यात कच्च्या कागदावर आकडे लिहून आले. जुनी डिस्क मागितली तर, ‘डेड माल आम्ही ठेवत नाही मॅडम, भंगारात गेला.’

आमच्या अभ्यासिकेत बसणारा एक मुलगा नांदेडला इंजिनिअरिंग शिकतो, सुट्टीत गावी आला होता. त्याने ‘नव्या’ एसएसडीवर संशय घेतला, कारण तिचं लेबल एका कोपऱ्यात खरवडलेलं होतं. त्याने पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू केलं, इन्स्टॉल न करता नुसतं वापरून बघण्याचा पर्याय घेतला आणि डिस्क्स नावाचं अ‍ॅप उघडलं. त्यात डिस्कचा मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि स्मार्ट डेटा दिसतो. डिस्क स्वतःच्या वापराची नोंद स्वतःजवळ ठेवते, तो हा स्मार्ट डेटा. त्यात ‘पॉवर ऑन अवर्स’ अशी ओळ असते, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालू होती. आमच्या कोऱ्या एसएसडीवर आकडा होता १९ हजारांच्या वर. रात्रंदिवस चालू ठेवली तरी दोन वर्षांपेक्षा जास्त होतात. कोणाच्या तरी मशीनमधून काढलेली डिस्क आमच्याकडे नवी म्हणून आली होती.

मग त्याने माझ्या मोबाइलमधला तो फोटो बघितला आणि म्हणाला, ‘मॅडम, ही डिस्क डेड असूच शकत नाही.’ त्याने जे समजावून सांगितलं ते प्रत्येकाने नीट समजून घ्यावं, कारण सगळी फसवणूक इथेच उघडी पडते.

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम चालतो, बायोस किंवा यूईएफआय. कंपनीचं चित्र दिसतं ते तिथून. ‘बूट करण्याजोगं काही सापडलं नाही’ अशी इंग्रजी ओळ येते तीही तिथूनच. तेव्हा डिस्क खरंच मेलेली असू शकते. तो प्रोग्रॅम डिस्कवरून ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, उचलतो. ग्रब डिस्कवरून लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि त्याच्यासोबतची इनिटरामएफएस नावाची छोटी फाइल मेमरीत आणतो. मग ती फाइल खरी सिस्टिम जिथे आहे ते पार्टिशन तपासून जोडते, आणि त्यानंतर सिस्टिमडी नावाचा प्रोग्रॅम बाकीचं सगळं उभं करतो. आमच्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ लिहिलेलं होतं. म्हणजे ग्रब वाचला गेला, कर्नल वाचला गेला, ती फाइल वाचली गेली, आणि हे सगळं त्याच एसएसडीवरून. पूर्ण मेलेली डिस्क एवढं वाचून देईल कुठून?

बिघडलं होतं ते फाइलसिस्टिमचं. लिहिणं चालू असताना लाइट गेली, हिशेब अर्धवट राहिला. एक्सटी-४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये जर्नल असतं, म्हणजे चाललेल्या बदलांची टिपणवही, त्यामुळे बहुतेक वेळा ते आपलं आपण सावरतं. कधीकधी तपासणीला अशी विसंगती सापडते की माणसाला विचारल्याशिवाय ती पुढे जात नाही, आणि मग हाताने चालवा म्हणून थांबते. आमच्या भाषेत सांगायचं तर तालिकेची कार्डं विस्कटली होती. त्यावरून कपाटातली पुस्तकं जळाली असं कोणी म्हणत नाही.

दुकानदाराला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. ज्याला डिस्क बदलता येते त्याला ती ओळ वाचताही येते.

पुढचं काम डेडस्टॉक रजिस्टरने, म्हणजे संस्थेच्या सामानाच्या नोंदवहीने, केलं. खरेदीच्या वेळी एसएसडीचा सीरियल नंबर बिलावर होता आणि तो मी रजिस्टरला चढवला होता. अध्यक्षांच्या सहीचं पत्र तयार केलं. त्यात आमच्या डिस्कचा सीरियल नंबर, बसवलेल्या डिस्कचा सीरियल नंबर, तिचे तास, पडद्याचा फोटो आणि यूपीआयची नोंद. शेवटी लिहिलं, की आमची डिस्क चालू असो वा बंद, ती संस्थेची मालमत्ता आहे, ती आठ दिवसांत परत करावी. नाहीतर ग्राहक आयोगात आणि पोलिसांत जाऊ. सचिव स्वतः पत्र घेऊन गेले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. भंगारात गेलेली डिस्क काउंटरच्या खणातून निघाली. नंबर जुळवूनच ती ताब्यात घेतली.

डिस्क लावली, तोच काळा पडदा आला. मुलाने आधी पेनड्राइव्हवरून सुरू करून तिचा स्मार्ट डेटा बघितला, तो ठणठणीत होता. मग त्या कंसासमोर एफएससीके, जागा सोडून वजा-वाय, जागा सोडून पार्टिशनचं नाव टाकलं. ओळीमागून ओळी सरकल्या, बऱ्याच ठिकाणी ‘फिक्स्ड’ आलं. पुन्हा चालू केल्यावर जांभळा पडदा आला. कोहा उघडलं आणि लाइट जायच्या आधी एका आजोबांच्या नावावर चढवलेलं शेवटचं पुस्तक त्यांच्याच खात्यावर दिसलं. दर शनिवारी पेनड्राइव्हवर प्रत काढायची आमची पद्धत आहे, त्यामुळे आधीच्या शनिवारपर्यंतचं एरवीही वाचलंच असतं. पण त्या डिस्कवर आमच्या सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर होते, आणि ती दुसऱ्या कोणाला ‘नवी’ म्हणून विकली जाणार होती, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

मशीन दुकानात द्यायचं असेल तर आधी पडद्याचा फोटो घ्या, अक्षरं वाचता येतील असा. डिस्कचा सीरियल नंबर काढून ठेवा. तो डिस्कच्या लेबलवर असतो, चालू मशीनवर डिस्क्स अ‍ॅपमध्ये दिसतो. आज मशीन चालू आहे तर आजच वहीत लिहा. ठेवपावतीवर दुकानदाराकडून तो नंबर आणि ‘जुना भाग परत देणार’ एवढं लिहून घ्या. लिहायला कां-कूं केलं तर मशीन उचलून घरी आणा. बसवलेला नवा भाग सीलबंद डब्यासह मागा आणि पैसे देण्याआधी त्याचे तास तिथेच उघडून दाखवायला सांगा.

दुरुस्ती घरी करून बघायची असेल तर एक जपा. स्मार्ट डेटात ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचे, म्हणजे डिस्कच्या खराब किंवा संशयास्पद कप्प्यांचे, आकडे वाढलेले दिसले, तर एफएससीके लगेच चालवू नका. डिस्क खरंच आजारी असेल तर तिच्यावर लिहिल्याने असलेलंही जातं. आधी पेनड्राइव्हवरच्या उबुंटूतून फाइली दुसरीकडे काढून घ्या. आणि चालू, जोडलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच नको.

बाकीचे पडदेही बहुतेक वेळा स्वस्तात सुटतात. ‘ग्रब रेस्क्यू’ आलं तर ग्रबला आपल्या फाइली सापडत नाहीत, शेजारी विंडोज टाकल्यावर किंवा पार्टिशन हलवल्यावर असं होतं. पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवता येतो. अपडेटनंतर ‘कर्नल पॅनिक’ आलं तर ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायात जाऊन आधीचा कर्नल निवडा, बहुधा नव्याची इनिटरामएफएस नीट तयार झालेली नसते. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल आणि बायोसची सेटिंग विसरली जात असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला, घड्याळवाल्याकडेही ती मिळते. याच बॅटरीपायी मदरबोर्ड बदलायला सांगितल्याचं मी आता दोन शिक्षकांकडून ऐकलंय.

पैसे अडकले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे कच्चा कागद हा दुकानदाराच्या विरुद्धचा पुरावा ठरतो, फाडू नका. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. चालू डिस्क मेलेली सांगून ठेवून घेणं पोलिसांच्या अखत्यारीतही येतं. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आणि फसवणुकीला ३१८ आहे.

आमचे एसएसडीचे ३,८०० रुपये परत आले, त्यांची जुनी डिस्क आम्ही पोच घेऊन परत केली. विंडोजचे आणि ‘मेहनती’चे ४,२०० द्यायला तो तयार नाही, म्हणून तक्रार मागे घेतलेली नाही. पत्राचा मसुदा वाचनालयात ठेवलाय. ज्यांना लागेल त्यांनी देवघेवीच्या वेळेत येऊन उतरवून न्यावा.