गोळ्यांना पाच तारे, खिडकीला दोन

एमडीआर टीबीचे, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे उपचार, मुंबईच्या पूर्व उपनगरातलं पालिकेचं एक केंद्र. फेब्रुवारी 2023 पासून 18 महिने मी तिथली कायमची गिऱ्हाईक. नाव लिहीत नाही, कारण अजून दर सहा महिन्यांनी तपासणीला तिथेच जायचं असतं.

मी घरी ब्लाउज शिवते. खोकल्याला दोन महिने गल्लीतल्या डॉक्टरचं बाटलीतलं औषध घेत बसले, तो माझाच शहाणपणा. केंद्रात मात्र थुंकी दिली आणि दुसऱ्याच दिवशी कळलं, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध मला लागू पडणार नाही. तपासणीला पूर्ण गुण.

गोळ्याही चांगल्या. पहिले 14 दिवस बेडाक्विलिनच्या रोज 4, मग 22 आठवडे, आठवड्यातून तीनदा 2. शिवाय लिनेझोलिड, क्लोफॅझिमिन, सायक्लोसेरिन, लिव्होफ्लॉक्सासिन. सगळं फुकट आणि इंजेक्शन एकही नाही. पूर्वी कानामायसिन टोचायचे, त्यात कित्येकांचे कान गेले. टीबीतून बऱ्या झालेल्या आपल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचेही 2013 मध्ये टीबीच्या औषधांनी गेले. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी बेडाक्विलिनचं पेटंट, म्हणजे एकाच कंपनीचा हक्क, लांबवायला हरकत घेतली होती, आणि मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. माझा तेव्हा दुसरा महिना चालू होता.

आता गोळ्या देणारी खिडकी. 'गोळी खाल्ली का' हे अठरा महिने विचारलं, 'खाल्ल्यावर काय होतं' हे क्वचित. पाचव्या महिन्यात तळपायांना मुंग्या आल्या. खिडकीतून उत्तर मिळालं, कॅल्शियम कमी असेल. मग एके दिवशी मशीन आपोआप भरधाव सुटली आणि गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजचा गळा फाटला. खाली बघते तर माझाच पाय मशीनच्या पायडलवर दाबलेला, मला पत्ताच नाही. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी चप्पल काढायला लावली, बोटांना कापूस लावून डोळे मिटायला सांगितलं, आणि मुंग्या आणणारी लिनेझोलिड 600 मिलिग्रॅमवरून 300 वर आणली. दोन मिनिटांचं काम होतं. ब्लाउजचे पैसे मी भरले.

त्याच पावसाळ्यात सायक्लोसेरिन संपलं. 'वरून आलं नाही, बाहेरून घ्या.' एकीकडे एक दिवस चुकवू नका म्हणायचं आणि दुसरीकडे हे! तीन मेडिकल फिरून मिळालं. त्या गोळीने आधीच विनाकारण रडू यायचं, त्यात ती शोधायची पायपीट. क्लोफॅझिमिनने रंग काळवंडला. सासूबाई म्हणायच्या, उन्हात फार फिरतेस. लिव्होफ्लॉक्सासिनच्या आगेमागे दोन तास दूध चालत नाही, हेही मला रांगेतल्या एका काकांनी सांगितलं. मी तोवर चहाबरोबरच घेत होते.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षयचे महिन्याला 500 रुपये सात महिन्यांनी एकदम जमा झाले, आधार जोडलेलं नव्हतं म्हणे. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झालेत, म्हणजे माझे उपचार संपल्यावर! आता सहा महिन्यांचा नवा कोर्सही आलाय, ज्यांना चालतो त्यांनी जरूर विचारा.

आरोग्यसेविका ताईंना मात्र पाचपैकी सहा. घरी यायच्या तेव्हा ओळखपत्र पर्समध्ये ठेवून, हातात ब्लाउजपीस घेऊन यायच्या. चाळीला वाटायचं, गिऱ्हाईक आलंय. दोन पीस मी खरंच शिवून दिले, पैसे दिल्याशिवाय नेले नाहीत त्यांनी.

जाणाऱ्यांनी घरून खाऊन निघा. ईसीजीच्या रांगेत दुपार होते, आणि बेडाक्विलिन पोटात अन्न असताना घ्यायची असते. पाय बधिर वाटला तर खिडकीवर थांबू नका, थेट डॉक्टरांच्या दारात उभे राहा. माझा उजवा अंगठा अजून अर्धा झोपलेलाच आहे. हल्ली अनवाणी शिवते, आणि पैठणीचं काम घेत नाही.