पाच इंची तयार चौकोन: सात महिने, दीड गोधडी

दिवाळी झाल्यावर हौसेने ब्लॉकप्रिंटच्या सुती चौकोनांचा पॅक मागवला. ५ इंचाचे ५० तुकडे, प्रत्येकाची नक्षी वेगळी. सासूबाई पाकिटात डोकावून म्हणाल्या, "अगं, माळ्यावर लुगड्यांचं गाठोडं पडलंय आणि तू विकतच्या चिंध्या आणल्यास?" त्यांच्या गावाकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि वाकळीसाठी पैसे मोजायचे हेच त्यांना पटेना. मी म्हटलं, कापाकापीचा वेळ वाचेल. तो काही वाचला नाही.

मला तिरप्या रेघांचा ब्लॉक, म्हणजे गोधडीचा एक मोठा चौकोन, करायचा होता: अर्धा चौकोन गडद, अर्धा फिका, असे १६ तुकडे चार-चारच्या ओळीत. फिक्या बाजूला मांजरपाट घेतलं, म्हणजे ते ५० चौकोन मलाच कापावे लागले. छापील आणि मांजरपाटाचा चौकोन सुलट बाजू आत ठेवून जोडायचे, मागे कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप घालायची आणि मधल्या रेघेवर कापायचं. एका जोडीतून दोन तुकडे निघतात.

सगळी मेख मापात आहे. सुतारांचं सूत माहीत असेल तर लगेच कळेल: एक इंच म्हणजे ८ सूत. ५ इंचाच्या जोडीतून, शिलाईची माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं कापड) धरून, तुकडा निघतो ४ इंच ५ सुतांचा. तो साडेचारला छाटायचा, म्हणजे चूक पोटात घालायला जेमतेम एक सूत उरतं. माझ्या पॅकमधले ११ चौकोन पावणेपाच भरले, दोन तर एका बाजूने पाच आणि दुसऱ्या बाजूने पावणेपाच! विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की हाताने कापलेल्या मालात थोडा फरक राहतोच. शेवटी १०० च्या १०० तुकडे सव्वाचारला छाटले. जोडताना प्रत्येक तुकड्याचा अर्धा इंच मायेत जातो, त्यामुळे १६ इंचाचा ठरवलेला ब्लॉक १५ चा झाला आणि सहा ब्लॉकची गोधडी ३० बाय ४५. बाळाला पुरते, पण पाकिटावर पाच इंच छापलं असेल तर ते पाचच असावेत ना?

दुसरा पॅक दुसरीकडून घेतला, नागमोडी कडांचा. मापाला चोख, फक्त माप कडेच्या टोकापासून टोकापर्यंत धरायचं, खाचेपासून नाही. त्या कडांचा भुगा मात्र भरपूर पडतो. दर थोड्या वेळाने बॉबिनची पेटी ब्रशने झाडावी लागते.

शिवताना पहिल्याच दिवशी हात पोळले. सुईच्या पट्टीवर पाव इंचाच्या खुणेची चिकटपट्टी लावली होती, पण इथे कापडाची कड तिरपी येते, खूण काही कामाची नाही. आता मागे तीन रेघा मारते, मधली कापायची, बाजूच्या दोन्हींवर टीप घालायची. टोकापासून सुरुवात केली की मशीन टोक खाली ओढून घेतं, म्हणून आधी एक चिंधी सुईखाली घालते आणि तिच्यामागून दोरा न तोडता जोड्या सोडत जाते. पताकांची माळ निघते. हा भाग मला मनापासून आवडतो.

कर्णावर कापलं की ती कड क्रॉसची, म्हणजे विणीला तिरपी होते, आणि क्रॉसचं कापड ताणतं हे ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. इस्त्री घासली की चौकोनाचा पतंग होतो. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. कापायच्या आधी हलकी खळ दिली तर कापड ऐकतं. शिवणीची माया गडद बाजूला वळवायची, नाहीतर मांजरपाटातून ती सावलीसारखी दिसत राहते.

मांडणीत एक गंमत कळली. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल केला, तर मी गडद समजलेला हळदी रंग मांजरपाटात चक्क विरघळला होता! तिरपी रेघ तिथेच तुटत होती. ते चार तुकडे काढले आणि ९६ वर सहा ब्लॉक बसवले.

खरा फटका पहिल्या धुण्याला बसला. मांजरपाट आटतं म्हणून मी ते आधी धुऊन घेतलं होतं; छापील तुकडे तसेच, कारण एवढे लहान चौकोन धुतले तर दोरे सुटून माप जातं. त्यामुळे गोधडी धुतल्यावर फक्त छापील अर्धे आटले आणि प्रत्येक तुकड्यावर बारीक सुरकुत्या आल्या. त्यातच तांबड्याचा रंग सुटला, एक कोपरा गुलाबी झाला. भाचीने बारशाला घेतली आणि डिझाइनच समजून कौतुक केलं, मी गप्प बसले. आता प्रत्येक कापडाचं एक टोक कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर दाबते. डाग उमटला की तो तुकडा बाद. मांजरपाटही न धुताच वापरते, आटायचं तर सगळं एकत्र आटू दे.

मग घ्यावेत का? ५० प्रकारच्या नक्षीसाठी ५० कापडं कोण घेणार, तेवढ्यासाठी मी पुन्हा घेईन. पण वेळ वाचेल म्हणून नका घेऊ. आणि ब्लॉक तिरपा असेल तर पाकीट आल्या दिवशीच सगळे चौकोन पट्टीने मोजा, परत करायची मुदत संपायच्या आत.

त्या उरलेल्या चार हळदी तुकड्यांची भिंगरी जोडली, आत जुन्या लुगड्याचे दोन थर घातले. सासूबाई ती चहाच्या पातेल्याखाली ठेवतात.