सांध्यांचा दवाखाना, जळगाव : डॉक्टरला पाच स्टार, जिन्याला शून्य

आधी वाईट सांगून मोकळा होतो. दवाखाना सांध्यांचा अन् आहे पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आम्ही गेलो त्या दोन्ही वेळेस बंद. आईला पारोळ्याहून एसटीनं आणलं, एरंडोलपर्यंतच तिचे घोटे एवढे सुजले की चप्पल हातात घेऊन बसली होती, त्यात तो जिना, वर गेल्यावर बसायला बुटके सोफे ज्यातून गुडघेदुखीवाला माणूस दोघांनी धरल्याशिवाय उठतच नाही. नंबर अकराचा अन् आत गेलो दीडला. संडास देशी. कोणी विचार केला काय माहीत.

आता बाकीचं. आईला नवरात्राच्या आधी तीन दिवस कडक ताप, अंगावर पुरळ, मग ताप गेला पण बोटं, मनगटं, घोटे धरले ते धरलेच. सकाळी दीड तास मूठ वळायची नाही, कळण्याची भाकर थापणं बंद. म्हणायची, "मन्हा हात शे का लाकूड?" गावात एका लॅबमध्ये सांधेदुखीचं पॅकेज करून घेतलं, आर ए फॅक्टर (आमवातासाठी करतात ती रक्ताची टेस्ट) थोडा वाढलेला निघाला, ते पाहून एका डॉक्टरनं सांगितलं आमवात आहे, आता जन्मभर गोळ्या. दुसरा तर डायरेक्ट मनगटात इंजेक्शन ठोकायला निघाला होता. आई रडायलाच लागली.

इथल्या डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली अन् अहिराणीतच विचारलं, "माय, महिनाभर मांगे ताप उना व्हता का?" बस, माझे पैसे तिथंच वसूल. कारण तोपर्यंत तापाचं कोणी विचारलंच नव्हतं अन् आम्हीपण सांगितलं नव्हतं, आम्हाला वाटलं ताप वेगळा अन् हे दुखणं वेगळं. चिकुनगुनियाची आयजीएम टेस्ट (नुकताच होऊन गेला का ते सांगणारी) लावली, पॉझिटिव्ह. अँटी सीसीपी, म्हणजे आमवाताची जास्त खात्रीची टेस्ट, निगेटिव्ह. मग नीट समजावलं की व्हायरस रक्तातून आठवड्याभरात निघून जातो पण त्याच्यामागं लागलेली आपली स्वतःची फौज सांध्यात धिंगाणा घालत राहते, बऱ्याच लोकांचं काही आठवड्यांत शांत होतं, काहींचं महिनोन्‌महिने चालतं. दिसायला सेम आमवातासारखंच, दोन्ही हात, लहान सांधे, सकाळचा आखडलेपणा. अन् आर ए फॅक्टर इन्फेक्शननंतर, किंवा वयानं पण थोडा वर जाऊ शकतो, म्हणून सहा आठवडे झाल्याशिवाय आमवाताचा शिक्का मारायचा नाही, तीन महिन्यांनंतरही सूज राहिली तर परत बघू असं म्हणाले. चिकुनगुनिया हा शब्दच टांझानियातल्या माकोंडे भाषेतला, दुखण्यानं माणूस वाकून जातो असा अर्थ, 1952 साली तिकडे साथ आली तेव्हापासूनचं नाव. आईला बघून पटलं.

औषध एकदम थोडं. आईला बीपी आहे म्हणून आधी किडनीची टेस्ट, मग सुजेची गोळी मोजून दहा दिवस, नंतर लागली तर पॅरासिटामॉल, कोमट पाण्यात रबरी बॉल दाबायचा. स्टिरॉइड दिलंच नाही. आता दहा आठवडे झाले, बारा आणे फरक आहे, आखडणं वीस मिनिटांवर आलं, भाकर परत सुरू (वाकडी येते, पण येते). आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसाआड म्हणून घरभर ड्रम, त्याला झाकणं लावा हे पण तिथंच ऐकून घ्यावं लागलं, चिकुनगुनिया पसरवणारा, दिवसा चावणारा तो पट्ट्यावाला डास त्यातलाच.

एवढ्यावर मी काही लिहिलं नसतं, पण महिन्याभरानं बावीस वर्षांच्या भाच्याला घेऊन परत गेलो. उजवा गुडघा नारळाएवढा, टाच टेकवेना, वरून एक डोळा लाल. घरी सगळ्यांचं ठरलं होतं की गुडघा व्हॉलीबॉलमुळं अन् डोळे आलेत. डॉक्टरांनी विचारलं जुलाब झाले होते का, तर हो, तीन आठवड्यांपूर्वी हळदीच्या जेवणानंतर अर्धी वरात आजारी होती! मग मला म्हणाले मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा. लघवीला जळजळ, मैत्रीण वगैरे विचारलं असणार, कारण क्लॅमिडिया नावाच्या, शरीरसंबंधातून लागणाऱ्या जंतूनं पण असंच होतं. पोरगं लाजत बाहेर आलं, मी काही विचारलं नाही.

त्याच दिवशी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला (त्यात जंतू उगवतात का बघायला) पाठवलं. एकच सांधा गरम अन् सुजलेला असेल तर आत पू नाही ना हे आधी बघायचं, पू असला तर काही दिवसांत सांधा खराब होतो, अशा गुडघ्याला घरी तेल चोळत बसू नका असं बजावलं. कल्चरमध्ये काही उगवलं नाही. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह आर्थ्रायटिस, जंतू पोटात येऊन गेला, लढाई मात्र गुडघ्यात, टाचेत अन् डोळ्यात लागली. डोळ्याच्या डॉक्टरकडे लगेच पाठवलं. मी हुशारी करून म्हटलं ती एचएलए बी 27 टेस्ट (अशा सांधेदुखीशी जोडलेल्या जनुकाची) करून टाकू, तर म्हणाले पॉझिटिव्ह आली म्हणून आजार आहेच असं नाही, अन् आत्ता औषध त्यानं बदलणार नाही, पैसे ठेवा. अँटिबायोटिक पण दिलं नाही, जुलाब कधीच थांबले होते, आता त्यानं गुडघा लवकर बरा होत नाही म्हणे. आमच्या गावात सलाईन न लावता घरी पाठवलं तर लोक डॉक्टरलाच नावं ठेवतात, त्यामुळं हे ऐकून भाच्याची आई नाराजच होती.

खालच्या मेडिकलवाल्याकडे चिठ्ठीवरच्या अर्ध्या गोळ्या नसतात, संध्याकाळी या म्हणतो, पारोळेवाल्यानं संध्याकाळपर्यंत काय करायचं? चार स्टार देतो. जाणार असाल तर तापाचे, जुलाबाचे जुने कागद सोबत न्या, तारखा लिहून न्या, ते खरंच विचारतात. अन् लिफ्ट चालू झाली का ते कोणी जाऊन आलं तर सांगा, आईला पुढच्या सोमवारी परत न्यायचंय.