पंधरा इंचाच्या अंगात सात इंचाचा जीव

लेक डिप्लोमाला गेली आणि लॅपटॉप घेणं आलंच. बजेट पंचवीस हजार. पुण्यातल्या एका दुकानात गेलो, नाव लिहीत नाही. शेठनं काउंटरवर चंदेरी, १५.६ इंची, ऐसपैस लॅपटॉप उघडून ठेवला. "फुल साइज आहे साहेब, नंबरपॅडसकट. १२८ जीबी. पाच वर्षं बघायला नको." २४,५०० ला सौदा झाला, वर बॅग आणि माउस फुकट. लेक खूश, मी तिच्याहून.

मी अगदीच अडाणी नव्हतो हो. २००७ मध्ये असुसनं सात इंची ई पीसी काढला, त्यात साठवण अवघी ४ जीबी. त्यामागून आलेल्या अशा छोट्या, स्वस्त लॅपटॉपच्या लाटेतला एक दहा इंची नेटबुक मी २००९ पासून वापरला, अ‍ॅटम प्रोसेसर, १ जीबी रॅम. रडतखडत चालायचा, पण प्रामाणिक होता. त्याच्या आकारावरूनच कळायचं की मेल आणि थोडं टायपिंग, बास. माझी चूक एवढीच की मी अजून आकारावरूनच माल जोखत होतो.

दोन महिन्यांत विंडोज अपडेट जागा मागायला लागलं. कॉलेजनं सांगितलेलं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टाकायला गेलो तर सी ड्राइव्ह लालभडक. सीला एकूण ५८ जीबी, बाकीची जागा म्हणे डीमध्ये. मग एकदा बॅगेतून काढताना लेकीचं बोट कडेच्या खाचेवर दाबलं गेलं. टक् आवाज झाला आणि डी ड्राइव्ह गायब! खाचेतून नखाएवढं मेमरी कार्ड डोकावत होतं, मोबाइलमध्ये घालतो तसलं. ६४ अधिक ६४, झाले १२८.

ओळखीच्या रिपेअरवाल्यानं मागचं झाकण काढलं. आत तळहाताएवढा बोर्ड, बॅटरी आणि बाकी मोकळं मैदान. पंखासुद्धा नाही. प्रोसेसर सेलेरॉन एन४०२०, दोन कोअर, सहा वॉटचा. ४ जीबी रॅम सोल्डर केलेली, ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे मोबाइलसारखी साठवणीची चिप, तीही सोल्डर केलेली. विंडोज ११ ला किमान लागतं तेही नेमकं एवढंच, म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर. "काका, यात वाढवायला काहीच नाही. नेटबुकच आहे हा, फक्त कपडे मोठे घातलेत."

शेठ थंडपणे म्हणाला, "१२८ सांगितलं, १२८ दिलं. एसएसडी कधी म्हणालो?" एसएसडी म्हणजे लॅपटॉपच्या आतली वेगवान साठवण. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करावा म्हणून बिल काढलं. त्यावर ना मॉडेल, ना रॅम: 'लॅपटॉप १५.६ इंच, नग १'. फोन केलाच नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा दुकानातच मशीन चालू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव, रॅम, डिस्क बघा. कडेच्या खाचेत कार्ड असेल तर काढून मग जीबी मोजा. ऑनलाइन '१ टीबी' दिसलं तर त्यात वर्षभराचं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण, धरलंय का तेही वाचा. रॅमची आणि एसएसडीची जागा मोकळी आहे का, हे विचारायला लाजू नका.

दिवाळीत लेकीला दुसरा घेतला, दुसऱ्या दुकानातून, बजेट फोडून. बिलावर मॉडेल नंबर, '८ जीबी' आणि '५१२ एसएसडी' पेनानं लिहून मागितलं. दुकानदारानं तोंड वाकडं केलं. पण लिहिलं, आणि शिक्काही मारला.