कीकॅडमध्ये फूटप्रिंट शोधणं आणि बनवणं: ८ महिन्यांनंतरचा अनुभव

अंबडला आमचं छोटं युनिट आहे, द्राक्षबागेच्या ठिबकचे व्हॉल्व्ह टायमरवर चालू-बंद करणारे बोर्ड बनवतो, गिऱ्हाईक जास्त करून निफाड-पिंपळगावकडचं. बोर्डाचं डिझाईन आधी ईगल या सॉफ्टवेअरवर करायचो, पण त्याची कंपनी ऑटोडेस्क ते ७ जून २०२६ ला बंद करणार हे कळल्यावर कीकॅडवर आलो. फुकट आहे आणि बोर्डाच्या साईझला लिमिट नाही. बाकी सॉफ्टवेअर मस्तच आहे, मी फक्त फूटप्रिंटचं (पार्ट बोर्डवर बसवायला लागणाऱ्या पॅड आणि भोकांचा आराखडा) लिहितो कारण माझे पैसे तिथेच गेले.

लायब्ररी खरंच मोठी आहे. रेझिस्टरच्या नावातच इंचातला साईझ ०६०३ आणि पुढे १६०८ मेट्रिक असं दोन्ही दिलेलं असतं, हे फार कामाचं, कारण मेट्रिकमधलं ०६०३ म्हणजे इंचातलं ०२०१, ते हाताने सोल्डर करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. हॅन्डसोल्डर नावाचे वेगळे फूटप्रिंट आहेत, पॅड (सोल्डर करायची तांब्याची जागा) थोडे लांब असतात, आमच्याकडे सोल्डरिंगला बसणाऱ्या ताई म्हणतात आता टिप टेकवायला जागा मिळते.

आता नुकसान कुठे झालं ते. ८ पिनचा हिरवा स्क्रू टर्मिनल. लायब्ररीत ५.०० आणि ५.०८ मिमी दोन्ही पिच (दोन पिनांमधलं अंतर) आहेत, मी घाईत ५.०० घेतला आणि माल आला ५.०८ चा. २ पिनच्या टर्मिनलला ०.०८ ने काही बिघडत नाही हो, पण ८ पिनमध्ये ७ गाळे, म्हणजे ०.५६ मिमी फरक, शेवटची पिन भोकाच्या काठावर येऊन अडली. ५० बोर्ड होते. पकडीने पाय वाकवून बसवले तर टर्मिनल एका बाजूने उचललेला, असा माल शेतकऱ्याला कसा द्यायचा, सगळे बोर्ड परत बनवून घेतले.

दुसरं रिलेचं, हे जास्त धोक्याचं. निळा ५ पिनचा रिले असतो ना, त्याच्या डेटाशीटमध्ये पिनांचं चित्र बऱ्याचदा खालून बघितल्यासारखं असतं आणि फूटप्रिंट आपण वरून बघत काढतो. तसंच उतरवलं तर रिले भोकात बरोबर बसतो, कारण पाय दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, पण एनओ (रिले बंद असताना उघडा राहणारा कॉन्टॅक्ट) आणि एनसी (तेव्हा जोडलेला राहणारा) यांची अदलाबदल होते. म्हणजे लाईट आली की व्हॉल्व्ह आपोआप उघडा आणि रात्रभर बागेत पाणी. नशीब, सॅम्पल बोर्डवरच मल्टीमीटरने बीप करून बघताना सापडलं.

तेव्हापासून नवीन पार्ट आला की आधी व्हर्नियरने मोजतो, मग फूटप्रिंट एडिटरमध्ये एक पॅड ठेवून क्रिएट अरेने बाकीचे काढतो, पॅडचे नंबर सर्किट डायग्राममधल्या सिम्बॉलच्या पिन नंबरशी ताडून बघतो. मग १:१ प्रिंट. इथे लक्ष द्या, झेरॉक्सवाला फिट टू पेज लावून देतो आणि सगळं बारीक होतं, म्हणून कागदावर १०० मिमीची एक रेघ पण काढतो आणि ती पट्टीने मोजल्याशिवाय पुढे जात नाही. तो कागद थर्माकोलवर चिकटवून खरा पार्ट त्यात टोचून बघतो. १० मिनिटांचं काम आहे पण झोप लागते.

नेटवरून उतरवलेले फूटप्रिंट पण याच चाळणीतून काढा. काहींना कोर्टयार्डच (पार्टभोवतीच्या राखीव जागेची चौकट) नसतो, मग दोन पार्ट एकमेकांवर चढले तरी डीआरसी, म्हणजे डिझाईनमधल्या चुका शोधणारी तपासणी, तक्रार करत नाही.

नवीन माणूस अडकतो अशा दोन गोष्टी. सोबत आलेल्या लायब्ररीत सेव्ह होत नाही, आपली वेगळी बनवावी लागते, ती वेगळी ठेवा आणि बॅकअप घ्या. आणि फूटप्रिंट सुधारला तरी बोर्डवर आपोआप बदलत नाही, टूल्समध्ये जाऊन अपडेट फूटप्रिंट्स फ्रॉम लायब्ररी करावं लागतं. मी टर्मिनल दुरुस्त केला आणि हे विसरलो, गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाईल्स) पाठवायच्या आदल्या रात्री थ्रीडीमध्ये बघताना जुनाच दिसला म्हणून वाचलो.